सोनटक्का आणि शेवरोले

हवानातला माझा पहिला फोटो म्हणजे दूध सांडल्यासारखा एक पांढरा चौकोन. पहाटे साडेसहाला एसी चालू असलेल्या खोलीतून कॅमेरा गळ्यात अडकवून खाली उतरलो. समोर फुटपाथला लागून निळ्या-पांढऱ्या रंगाची जुनी शेवरोले उभी होती. तिचा मालक बादलीत फडकं पिळून बॉनेट पुसत होता आणि खांबावरचा दिवा अजून विझायचा होता. असा प्रसंग मागून मिळत नाही. घाईघाईने कॅमेरा डोळ्याला लावला, तर भिंगावर दव. पुसलं, पुन्हा आलं. पुन्हा पुसलं, तर आतल्या आरशावरही वाफ धरलेली. मुंबईचे वीस पावसाळे कॅमेरा सांभाळलेल्या माणसाने हे करावं म्हणजे लाजच आहे. गार खोलीतून दमट हवेत येताना कॅमेरा बॅगेतच ठेवायचा, बॅगेची चेन लावलेली ठेवायची आणि अर्धा तास तिला बाहेरच्या हवेशी जुळवून घेऊ द्यायचं, हे मी नवशिक्यांना सांगत आलोय.

मालकाने माझी धडपड पाहिली, हसला आणि हातातलं फडकं पुढे केलं. त्याला ऑइलचा वास येत होता, म्हणून हात जोडून नाही म्हटलं. मग त्याने गाडीचं दार उघडलं आणि बसायची खूण केली. वाफ जाईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं मी त्या गाडीत नुसता बसून होतो. ती वीस मिनिटं मिळाली नसती तर बाकीच्या आठ दिवसांचे फोटो वेगळे आले असते.

गाडी १९५२ची. पण १९५२ची म्हणजे पत्रा, काचा आणि नाकावरचं चिन्ह. इंजिन कुठल्याशा जपानी डिझेल गाडीचं, ब्रेकचे भाग रशियन लाडा गाडीचे, मागची सीट घरी शिवलेली, दाराच्या आतला हँडल पितळी नळाच्या तुकड्याचा. गिअर मात्र मूळचा, स्टिअरिंगच्या खाली आडवा. त्या दांड्यावर हात ठेवला आणि मी थेट दादरच्या टॅक्सी स्टँडवर पोचलो. आपली काळी-पिवळी पद्मिनी चालवताना ड्रायव्हर हाच हात असाच पुढेमागे करत असे. क्युबाला निघालो तो २०२३चा डिसेंबर होता. त्याच्या दीडेक महिना आधी, ३० ऑक्टोबरला, मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने निरोप घेतला होता. तिचे फोटो काढायला मी गेलो नव्हतो. रोज दिसणाऱ्या गाडीचे कसले फोटो काढायचे, असं पंचवीस वर्षं वाटत राहिलं आणि जेव्हा वाटेनासं झालं तेव्हा गाडीच राहिली नाही. क्युबाचं तिकीट मात्र जुन्या गाड्यांसाठी काढलं.

तिकीट काढण्याचं अर्धं कारण मी, अर्धं ताई. मला गाड्या हव्या होत्या, तिला झाडं. ती वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. पिनार देल रिओ प्रांतात एक सायकस आहे, ते मरायच्या आधी बघायचंय, हे ती गेली दहा वर्षं म्हणत होती. "मरायच्या आधी म्हणजे कोण, तू की झाड?" असं मी विचारलं तर म्हणाली, "शर्यत आहे."

क्युबात जुन्या अमेरिकन गाड्यांना 'अल्मेंद्रोन' म्हणतात, म्हणजे मोठा बदाम. आकार पाहिला की नाव पटतं. त्या तिथे टिकल्या त्या कुणाच्या हौसेमुळे नाही. १९५९पर्यंत हवाना ही अमेरिकन गाड्यांची जवळची आणि चांगली बाजारपेठ होती. क्रांतीनंतर आयात थांबली, १९६०ला अमेरिकेने व्यापारबंदी सुरू केली आणि १९६२ला ती पूर्ण लागू झाली. नव्या गाड्या नाहीत, सुटे भाग नाहीत. त्यात सरकारी नियम असा की खुलेआम खरेदी-विक्री फक्त क्रांतीपूर्वीच्या गाड्यांचीच करता येई. हा नियम २०११पर्यंत होता. म्हणजे आजोबांची शेवरोले हीच घरातली एकमेव विकता येणारी, पोट भरू शकणारी गाडी. तिला मरू देणं परवडण्यासारखं नव्हतं. यासाठी त्यांच्याकडे एक शब्द आहे, 'रेसोल्वेर'. म्हणजे मार्ग काढणं. आपल्या 'जुगाड'मध्ये थोडी चलाखी आहे, यात नाइलाज जास्त.

शेवरोलेचं मुंबईशी नातं जुनं आहे. जनरल मोटर्सने १९२८मध्ये शिवडीला जोडणीचा कारखाना काढला आणि तो १९५४ला बंद होईपर्यंत तिथून शेवरोले बाहेर पडत होत्या. कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये फियाटच्या आधी डॉज आणि प्लिमथ जोडल्या जात. हवानाच्या रस्त्यावर ही नावं वाचताना मला परदेशात आल्यासारखं कमी आणि आजोबांच्या गप्पांत शिरल्यासारखं जास्त वाटत होतं.

पार्के सेंट्रालचा चौक हा तिथल्या गाड्यांचा देखावा. एका बाजूला १८७५चं ओतेल इंग्लातेरा, जवळच १९२९मध्ये पूर्ण झालेलं कापितोलिओ आणि त्याचा सोन्याने मढवलेला घुमट, मधे होसे मार्तींचा पांढरा पुतळा. कडेने गुलाबी, जांभळ्या, पोपटी, टपाच्या आणि बिनटपाच्या गाड्यांची रांग. नव्याने आलेला प्रत्येक जण इथेच पहिली शंभर छायाचित्रं काढतो आणि ती शंभर सारखीच येतात. मीही काढली. रात्री लॅपटॉपवर पाहिली तेव्हा पोस्टकार्डाच्या स्टँडपुढे उभं असल्यासारखं वाटलं. रांगेतली गाडी ही गिऱ्हाइकासाठी नटलेली असते, ती काही सांगत नाही. तिथल्या बऱ्याच उघड्या गाड्या तर मुळात उघड्या नव्हत्याच. चार दारांची बिनटपाची गाडी दिसली की समजावं, छप्पर करवतीने कापलेलं आहे. कारखान्यातून निघालेली खरी कन्व्हर्टिबल बहुधा दोन दारांची असे.

पण तंत्र शिकायला ती रांग उत्तम. जुन्या गाडीचा फोटो काढणं म्हणजे आरशाचा फोटो काढणं. रंगाच्या चकाकीत सगळं आकाश उतरतं आणि क्रोमच्या बंपरमध्ये तुम्ही स्वतः, पोट पुढे आलेले, वाकलेले, कॅमेरा धरलेले. रंगावरची आणि काचेवरची चकाकी पोलरायझर फिरवला की बरीच उतरते. दीड-दोन स्टॉप प्रकाश जातो, तो जाऊ द्यावा. क्रोमवर मात्र पोलरायझरचा काही उपयोग होत नाही, उघड्या धातूवरचं प्रतिबिंब त्याला कापता येत नाही. तिथे एकच उपाय, क्रोमला काय दिसावं ते आपण ठरवायचं. त्यासाठी माझ्या बॅगेत बाबांचं जुनं मलमलचं धोतर असतं. धुऊन धुऊन साईसारखं मऊ झालेलं. ते दोन माणसांनी ताणून बंपरसमोर धरलं की सगळा गोंधळ जाऊन क्रोमवर एक सलग पांढरा पट्टा उमटतो आणि बंपरची वळणं बोटाने गिरवल्यासारखी दिसायला लागतात. हजारो रुपयांचे डिफ्यूझर बाजारात आहेत, पण घडी करून खिशात मावेल आणि वेळेला घामही पुसेल असा एकही मी पाहिलेला नाही.

एक टोक ताईने धरलं, दुसरं आमच्या निळ्या-पांढऱ्या शेवरोलेच्या मालकाने. आता तो आमचाच झाला होता. पहिल्या सकाळीच आठ दिवसांचा सौदा ठरवून टाकला होता. पर्यटकांशी बोलून बोलून कमावलेलं त्याचं इंग्रजी आमच्या स्पॅनिशपेक्षा शंभर पटींनी बरं होतं. धोतर म्हणजे काय हे त्याला समजावताना ताईने शेवटी त्यालाच ते नेसवून दाखवायची तयारी दाखवली, तेव्हा तो विषय त्याने आपण होऊन बदलला.

रांगेत १९५७ची एक बेल एअर होती. लाल. तिच्या मालकाने एक गंमत दाखवली. पेट्रोल कुठून भरतात ते ओळखा म्हणाला. मी चारही बाजूंनी फिरलो, झाकण कुठेच नाही. मग त्याने मागच्या डाव्या पंखाच्या टोकावरची क्रोमची पट्टी नखाने ओढली आणि ती दारासारखी उघडली. आत झाकण. पंख केवळ शोभेचा असेल असं वाटत होतं, पण त्याने एक काम गुपचूप अंगावर घेतलेलं. त्या उघड्या पट्टीचा, तिच्याआड धरलेल्या काळवंडलेल्या नखाचा फोटो हा माझ्या मते त्या चौकातला एकमेव कामाचा फोटो. तोही पहिल्यांदा बिघडला. लाल रंग कॅमेऱ्याला फार पटकन चढतो. एकूण प्रकाश बरोबर दिसतो, पण लाल वाहिनी काठोकाठ भरून वाहून जाते आणि सगळे बारकावे सपाट होतात, पत्र्यावर नुसता कुंकवाचा डबा उपडा केल्यासारखं. हिस्टोग्राम एकत्र न पाहता तिन्ही रंगांचा वेगवेगळा पाहायचा आणि दोन-तृतीयांश स्टॉप कमी ठेवायचा. हेच पुढे लाल ऑर्किडला लागू पडलं. ताई म्हणाली, "म्हणजे तुझी गाडी आणि माझं फूल एकाच रोगाचे पेशंट."

संध्याकाळी मालेकोन. समुद्राला लागून सात-आठ किलोमीटर धावणारा हा रस्ता, १९०१ला बांधायला सुरुवात झाली आणि टप्प्याटप्प्याने पन्नासेक वर्षं चालली. १९५७ला इथे पहिली क्युबन ग्रां प्री झाली, ती अर्जेंटिनाच्या हुआन मान्युएल फान्हिओने मासेरातीतून जिंकली. पुढच्या वर्षी तो पुन्हा आला तर शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी कास्त्रोच्या बंडखोरांनी त्याला ओतेल लिंकनमधून पळवून नेलं. तेव्हाचं बातिस्ताचं सरकार जगापुढे तोंडघशी पडावं एवढाच हेतू. शर्यत त्याच्याविना झाली, त्यात मोठा अपघात झाला. फान्हिओला त्यांनी नंतर सुखरूप सोडलं आणि तोही पुढे त्यांच्याबद्दल आकसाने बोलला नाही.

त्याच रस्त्याच्या कठड्यापाशी उभा राहून मी पॅनिंग करत होतो. शटर एक तीसांश सेकंद, पाय घट्ट, कंबरेपासून वरचं शरीर गाडीबरोबर फिरवायचं आणि बटण दाबल्यावरही फिरवत राहायचं. चाळीसच्या वेगाने जाणारी गाडी स्थिर येते, मागच्या रंग उडालेल्या इमारती पट्ट्या होऊन पळतात. शंभरात चार-पाच साधतात. डिसेंबरमध्ये उत्तरेकडून थंड वारे येतात, त्या दिवशी समुद्र चढलेला होता आणि लाटा कठड्यावरून रस्त्यावर येत होत्या. एक लाट माझ्यावर आली. भिंगावर खारं पाणी, आणि घाईत तेच धोतर! मीठ घासलं गेलं असतं तर भिंगावर कायमचे चरे आले असते. ताईने माझा हात धरला आणि पिण्याच्या पाण्याची बाटली पुढे केली. आधी गोडं पाणी, मग टिपणं, पुसणं सगळ्यात शेवटी. कोकणात समुद्रावर फोटो काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

चौथ्या दिवशी शेवरोले पश्चिमेला निघाली. महामार्गावर पेट्रोलपंपापाशी लांबच लांब रांगा, मधून घोडागाड्या, मधून हात करून उभी राहिलेली माणसं. मालक शक्य तिथे थांबून कुणाला तरी घ्यायचा. आम्ही पैसे देणारे गिऱ्हाईक असलो तरी त्याबद्दल तो आम्हाला विचारत नव्हता आणि आम्हालाही ते बरंच वाटत होतं.

हवानापासून ८०-८५ किलोमीटरवर सिएरा देल रोसारिओच्या डोंगरात सोरोआ आहे. हा डोंगर युनेस्कोचं जीवावरण क्षेत्र आहे. इथे तोमास फेलिपे कामाचो या कॅनरी बेटांवरून आलेल्या वकिलाने १९४०च्या दशकात ऑर्किडची बाग उभी केली, अकाली गेलेल्या मुलीच्या आठवणीत. आज तिथे ७००च्या आसपास जाती आहेत. बाग म्हणजे ताटवे नाहीत, डोंगराचा उतारच आहे. झाडांच्या खोडांवर, खडकांवर, नारळाच्या करवंट्यांत, जाळीच्या छपराखाली टांगलेली.

इथे ताईचं राज्य. मी शंभराचं मॅक्रो भिंग लावून गुडघ्यावर. फुलाच्या खऱ्या आकाराइतकी प्रतिमा घ्यायची तर एफ ११लाही जेमतेम सव्वा-दीड मिलिमीटर खोली नीट दिसते. ऑर्किडचं ओठासारखं जे पुढचं दल असतं त्याची कड साधली तर गळा जातो, गळा साधला तर कड. कशावर नेमायचं ते फुलाच्या ओळखीने ठरवायचं असतं आणि ती ओळख माझ्याकडे नव्हती. मी रंगावर भाळून पाकळ्यांवर नेम धरत होतो. ताई म्हणाली, "अरे, पाकळ्या म्हणजे मांडव. लग्न आत लागतंय." तिने मधला तो छोटा स्तंभ दाखवला. पुंकेसर आणि स्त्रीकेसर जुळून एकच झालेला, टोकाला टोपी, टोपीखाली परागांचे पुंजके. कीटक आत शिरतो, निघताना पुंजका डोक्यावर चिकटवून निघतो. एकदा हे कळल्यावर नेम आपोआप तिथे गेला. एन्सिक्लिया फोनिसिया नावाचं एक तपकिरी-जांभळं ऑर्किड तिथे आहे, त्याला चॉकलेटचा वास येतो. वास काही फोटोत येत नाही. मग मी ताईचं नाक चौकटीत घेतलं. तिला तो फोटो आवडलेला नाही, मला फार आवडतो.

वाऱ्याची झुळूक थांबेपर्यंत पाच-पाच मिनिटं तसंच बसायचं. वरून उन्हाचे कवडसे, ते अडवायला पुन्हा धोतर. बागेतली पायवाट दाखवणाऱ्या बाईंनी ते कौतुकाने हातात घेऊन पाहिलं आणि हा कुठल्या मरियमच्या मूर्तीचा शेला आहे का, असं आमच्या मालकामार्फत विचारलं. आम्ही वडिलांचा म्हणून सांगितलं. त्यांनी तो घडी करून परत दिला, आम्ही कोंबला होता तसा नाही, नीट चौघडी.

उतरताना ओहोळाच्या काठाला आलो आणि ताई थबकली. मला आधी वास आला. गणपतीच्या दिवसांत आजोळी परसदारी यायचा तोच वास. पाण्याच्या कडेला कर्दळीसारखी पानं आणि त्यांच्या शेंड्याला फुलपाखरासारखी पांढरी फुलं, हंगाम सरत आल्यामुळे मोजकीच.

"सोनटक्का!" ताई जवळजवळ ओरडलीच.

"मारिपोसा," पायवाटवाल्या बाई म्हणाल्या. म्हणजे फुलपाखरू. क्युबाचं राष्ट्रीय फूल, १९३६पासून. स्वातंत्र्ययुद्धात बायका हे फूल केसांत माळायच्या आणि त्याच्या पाकळ्यांत गुप्त चिठ्ठ्या लपवून न्यायच्या, असं तिथे शाळेत शिकवतात. हे झाड मुळात पूर्व हिमालयाच्या बाजूचं, हे ताईने त्यांना सांगितलं का? नाही. मी तोंड उघडतोय हे पाहून तिने मला कोपराने ढोसलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "तुझ्या देवळापुढचा देवचाफा कुठला आहे? इकडचाच. मग पुजाऱ्याला जाऊन सांगतोस का?" देवचाफा अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातला, पेरू, पपई, सीताफळ, तंबाखूही तिकडचीच. आंबा आपल्याकडून तिकडे गेलेला. रात्री उतरलो त्या घरी ताटात पेरू आणि पपईच्या फोडी आल्या. पपईला तिथे 'फ्रुता बोंबा' म्हणायचं बरं, साधा पपाया हा शब्द चारचौघांत उच्चारण्यासारखा नाही, हे मालकाने आम्हाला वेळेवर सांगितलं.

सोनटक्क्याचे मी तीस-चाळीस फोटो काढले. पांढरं फूल मागच्या गर्द हिरव्यापुढे नेहमी उजळून जातं, म्हणून सावलीत, धोतराआडून, एक स्टॉप कमी. आजवर एकाही सोनटक्क्याचा फोटो मी काढला नव्हता.

व्हिन्यालेसचं खोरं हवानापासून १८० किलोमीटर. सपाट लाल मातीतून एकदम उठलेले चुनखडीचे गोलसर डोंगर, त्यांना 'मोगोते' म्हणतात. १९९९पासून जागतिक वारसा. तंबाखूची रोपं गुडघ्याएवढी झाली होती. पानं वाळवायच्या कोठारांची छपरं ताडाच्या झावळ्यांची असतात, पण त्यांतली कितीतरी नवीकोरी पिवळी दिसत होती. सप्टेंबर २०२२मध्ये इयान चक्रीवादळ याच पिनार देल रिओ प्रांतावरून गेलं आणि कोठारं झोपवून गेलं, त्यानंतर शाकारलेली ती. 'निसर्ग' चक्रीवादळानंतर दापोलीच्या बाजूला नव्या पत्र्यांची घरं अशीच उठून दिसायची. काही जुनी कोठारं एका अंगावर कलंडलेली अजून तशीच होती. त्यांचा फोटो फार 'सुंदर' येतो, हे मला थोडं खुपत होतं. काढला, मग कोठाराच्या मालकाशी बोललो आणि नवं छप्पर बांधतानाचाही काढला. दुसरा तेवढा सुंदर नाही.

ताडांचेही नमुने पाहिले. रॉयल पाम हे तिथलं राष्ट्रीय झाड, आपल्याकडे सरकारी इमारतींपुढे शिस्तीत उभं असतं ते, इथे रानोमाळ. आणि 'पाल्मा बारिगोना', खोडाला मधेच पोट सुटलेला ताड. नावाचा अर्थच ढेरपोटी. याच्या पोटाची पूर्वी पिंपं करत.

ताईचं सायकस सहाव्या दिवशी दिसलं. मायक्रोसायकस कॅलोकोमा. या प्रजातीत ही एकच जात आणि ती जगात फक्त पश्चिम क्युबात, तीही थोडी. स्थानिक लोक त्याला 'पाल्मा कोर्चो' म्हणतात, बुचाचा ताड. ताड नाही ते, पण खोडाला हात लावला की बूच वाटतं खरं. डायनासोरांच्या काळातल्या वनस्पतींचा हा वंश, नर वेगळा, मादी वेगळी. नवी रोपं आपोआप उगवणं जवळपास थांबलेलं. आमच्या वाटाड्याने चिखलातून तासभर चालवलं आणि एका उतारावर थांबून नुसतं बोट वर केलं.

पाहताक्षणी मी निराश झालो. उंच, जरासं वाकडं खोड आणि वर पानांची छत्री, मागे तसल्याच हिरव्याचा पसारा. कॅमेऱ्यातून ते कुठलंही झाड होतं. रुंद भिंग लावून पाहिलं, लांबचं लावून पाहिलं, काही जमेना. ताई मात्र खोडापाशी गेली आणि त्यावरच्या एकावर एक चढत गेलेल्या कड्यांवरून बोट फिरवत बसली. जुन्या पानांच्या देठांच्या खुणा त्या. तिचा हात, पासष्टीचा, शिरा दिसणारा, आणि ती कडी. मी आडव्या उजेडात तेवढंच घेतलं. झाड त्या फोटोत दिसतच नाही, पण विचाराल तर सायकसचा फोटो तोच.

वाटाड्याने परतताना एक गोष्ट करायला लावली. फोनमधलं आणि कॅमेऱ्यातलं जीपीएस बंद करा म्हणाला, आधीच्या फोटोंतलंही काढून टाका. दुर्मिळ झाडांची ठिकाणं फोटोंतून हुडकून ती उपटणारे लोक जगभर आहेत. या सायकसच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंदी आहे ती उगाच नाही. आपल्याकडे कास पठारावर कंदीलपुष्पाच्या नेमक्या जागेचा फोटो पसरला की दुसऱ्या आठवड्यात तिथलं गवत तुडवलेलं असतं. म्हणून आम्ही तो उतार कुठला ते इथेही सांगत नाही.

जाणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी. ड्रोन नेऊ नका, विमानतळावरच काढून घेतात. पोलीस, सैनिक, विमानतळ यांच्याकडे कॅमेरा वळवू नका. विजेचे सॉकेट बहुतेक ११० व्होल्टचे, चपट्या पिनांचे, आणि वीज वारंवार जाते, तेव्हा बॅटऱ्या मिळेल तेव्हा भरून घ्याव्यात. अमेरिकन बँकांची कार्डं चालत नाहीत, युरो रोख न्यावेत. माणसाचा फोटो काढण्याआधी 'पुएदो?' एवढं विचारावं. तोंडात भलामोठा चिरूट धरून फुलांचं टोपलं घेतलेली आजी पैसे मागणार हे ठरलेलं. तो तिचा धंदा आहे, घासाघीस करू नये.

शेवटच्या दिवशी विमानतळाच्या वाटेवर मालकाने विचारलं, तुमच्याकडे गाड्या कसल्या? मी फोनमधली पद्मिनी शोधली. माझ्याकडे स्वतः काढलेला एकच फोटो निघाला, तोही भलत्याच कारणाने काढलेला. भाचीचा शाळेचा पहिला दिवस, आणि मागे टॅक्सीचं उघडं दार. त्याने गाडी कडेला घेतली, फोन हातात घेतला, बोटांनी मोठा केला. भाचीला बाजूला सारून तो दारातून आत शिरला आणि स्टिअरिंगखालच्या गिअरपाशी थांबला.

"फियाट?"

"मुळात. मग आमच्याकडेच बनायची. मुंबईत हजारो होत्या."

"आता?"

"संपल्या. ऑक्टोबरमध्ये."

"म्हणजे कुठे ठेवल्यात?"

"भंगारात."

माझा शब्द चुकला असावा असं त्याला वाटलं. "गॅरेजमध्ये," तो म्हणाला, मला मदत करायला.

"नाही. भंगारात. तोडून."

तो बराच वेळ काही बोलला नाही. हॉर्न वाजवत मागून एक बस गेली. फोन परत देताना त्याने पुन्हा एकदा तो गिअर मोठा करून पाहिला.

"यातला एक दांडा मिळाला तर पाठवशील?"

"तुझ्या शेवरोलेला बसेल का तो?"

"बसवतो मी," तो म्हणाला आणि गाडी पहिल्यात टाकली.